बेबीताईचा उरलासुरला

बेबीताईची आणि माझी ओळख भांडणातून झाली. भांडण शिळ्या खारीवरून झालं होतं.

आम्ही बोईसरला नवीन राहायला आलो होतो. मी पालघरच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. 'तुमच्या सगळ्यांचा सूर्य दोन डोंगरांच्या मधूनच का रे उगवतो?' असं दिवसभर पोरांना विचारून घरी यायचे ती डोकं तापवूनच. अशाच एका संध्याकाळी मऊ पडलेल्या खारीची पिशवी घेऊन मी जिन्याखालच्या कचऱ्याच्या ड्रमपाशी गेले. हात उचलला, तर मागून कुणीतरी मनगट धरलं. वळून पाहते तर आमच्या समोरच्या दारातली बाई! अंगात बेकरीचा गुलाबी एप्रन, डोक्याला कागदी टोपी आणि टोपीमागे अंबाड्यावर अबोलीचा ठसठशीत गजरा.

"टाकता?" तिनं विचारलं.

"हो. मऊ पडलीये."

"मऊ पडली म्हंजे मेली काय?"

आता मला सांगा, दिवसभराच्या शाळेनंतर कुणी असं ऐकून घेईल का? मी म्हटलं, "खारी माझी, कचरा माझा, तुम्ही कोण मधे बोलणाऱ्या?"

"मी बेबी. समोर राते," ती म्हणाली, आणि माझ्या हातातली पिशवी काढून घेऊन जिना चढून निघूनसुद्धा गेली. मी घरात येऊन भांडी आपटली. आमचे हे म्हणाले, "खारीच होती ना गं? दागिने नव्हते ना?" मी त्यांनाही सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी बेल वाजली. दारात बेबीताई, हातात झाकलेली ताटली. झाकण काढलं तसा वेलचीचा आणि भाजलेल्या दुधाचा असा वास आला, की माझा राग उंबऱ्यातच अडखळला. वरून तांबूस, खुसखुशीत पापुद्रे. खाली थरथरणारं, खरवसासारखं मऊ काहीतरी. मधेमधे चिकूच्या फोडी.

"खा. तुमचीच खारी हाय," ती म्हणाली.

"मी गोड खात नाही," मी म्हटलं. साफ खोटं. मी चहात तीन चमचे साखर घेणारी बाई.

"मग नुसता वास घ्या."

वास घेतला, आणि मग काय, उभ्या उभ्या अर्धी ताटली संपली. तोंड भरलेलं असल्यामुळे भांडण पुढे चालवता आलं नाही. शेवटी बोटं चाटत मी विचारलं, "ह्याला म्हणतात तरी काय?"

"शेठ पुडिंग म्हनतो. मी म्हनते उरलासुरला."

बेबीताई मूळची मुरब्याची. कोळणीची लेक, कोळणीची बहीण. ह्या गावात जन्मलेल्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. समुद्रानं दिलेलं आज खायचं, उरलं तर सुकवायचं, टाकायचं काही नाही. बोईसर स्टेशनाजवळच्या बेकरीत काउंटरला उभी राहिली तेव्हा तिनं हाच कायदा पावाला लावला. संध्याकाळी जे उरेल ते शेठ तिला देऊन टाकी. पफ, खारी, क्रीम रोल, बनपाव, आणि तारापूरच्या कारखान्यांतल्या साहेबलोकांसाठी बेकरीनं नव्यानं सुरू केलेला तो चंद्रकोरीच्या आकाराचा क्रोसाँ. हा शब्द बेबीताईच्या तोंडात कधी बसला नाही, आणि तिनं तो बसवून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. तिच्या लेखी तो वाकडा, नांगीवाला पदार्थ म्हणजे चिंबोरी. दालचिनीचा गोल गुंडाळलेला रोल म्हणजे भोवरा. तिची ही बारशी इतकी पक्की होती, की गिऱ्हाइकंच शेवटी तिची भाषा शिकली. कारखान्याची पाळी संपवून येणारे यूपीचे कामगार काउंटरवर ओणवून सांगत, "भाभी, दो केकडा पॅक कर दो," आणि ही दोन क्रोसाँ बांधून देई.

पदार्थ करण्याची तिची रीत ठरलेली. उरलेला माल आधी सुकवायचा, तोही भट्टीत नाही, वाऱ्यावर. मग हातानं मोडायचा, सुरी लावायची नाही. "सुरीनं कापला की त्याचा तोंड बंद होतो, मग दूध कुठून पिणार?" असं तिचं शास्त्र. मग ट्रेमध्ये थर लावायचे, मधेमधे बाजारात उरलेल्या चिकूच्या फोडी पेरायच्या, दूध, अंडी, साखर, वेलची, जायफळ एकत्र फेटून वरून ओतायचं आणि मुरू द्यायचं. रविवारी सकाळी पावाच्या लाद्या निघाल्या की भट्टीत जी ऊब उरे, तिच्यात हा ट्रे जाई. म्हणजे पाव उरलेला, चिकू उरलेला आणि आगही उरलेलीच.

ताज्या मालाला तर ती हात लावत नसे. एकदा काउंटरवर एक तरुण इंजिनीयर आला. कुणाच्या तरी घरी तिचं पुडिंग खाऊन वेडा झाला होता. मी पाव घ्यायला उभीच होते. तो ऐटीत म्हणाला, "मला तसंच करून द्या. पण ताज्याचं करा हं, शिळं नको. हे घ्या, डझनभर ताजे क्रोसाँ मीच विकत घेतो."

बेबीताईनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ताजा पाव दूध प्याला का लोळतो. शिळा पाव दूध पितो आनी उभा रातो. ह्या चिंबोऱ्या घरी न्या, सुकवा, आनी परवा या."

"अहो, पण मीच विकत घेऊन मीच शिळे करायचे?"

"मग काय मी तुमच्या घरी येऊन शिळे करू?"

तो पाय आपटत गेला. आणि परवाच्या दिवशी, खरं सांगते, वाळून कडक झालेल्या क्रोसाँची पिशवी छातीशी धरून निमूटपणे काउंटरवर हजर! बेबीताईनं एक चिंबोरी काउंटरवर टकटक वाजवून पाहिली, कान लावला आणि म्हणाली, "पास." मला इतकं हसू फुटलं, की मी पावाची पिशवी तिथंच विसरून घरी आले.

अशी ही बाई. जिभेला हाड नाही आणि पायाला चाक. चालताना गुणगुणायची, हसायची तेव्हा एप्रन तोंडात कोंबून हसायची. तिचा नवरा एका कारखान्यात पाळीवर असायचा, स्वभावानं इतका गरीब, की तो घरात आहे की नाही हे चपला बघून कळायचं. मुलगी प्राची हुशार, तारापूरच्या एका कंपनीच्या ऑफिसात लागलेली. सगळं हसतंखेळतं घर. पण ह्या घरात एक काटा होता, आणि तो मला कळला डब्यामुळे.

दर रविवारी मी मच्छीबाजारात जायचे. बेबीताईला सुगावा लागला तशी ती माझ्या पिशवीत एक स्टीलचा डबा ठेवू लागली. "बाई, बाजारात हौसाबाय बसते, हिरव्या छत्रीखाली. तिला द्या. काय बोलू नका, नुसता द्या."

डब्यात उरलासुरला. हौसाबाय म्हणजे तिची थोरली बहीण. दणकट, काळीसावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मी डबा पुढे केला तर तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. डबा घेतला, न उघडता शेजारच्या कोळणीकडे सरकवला. त्या कोळणीनं चट्टामट्टा केला. मग हौसाबायनं डबा पाण्यानं विसळला, पाटीतले चार सुके बोंबील त्यात भरले आणि माझ्या हातात दिला. भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत भांडणातसुद्धा मोडायची नाही! मी घरी येऊन डबा दिला. बेबीताईनं उघडून वास घेतला आणि एकच विचारलं, "काय बोलली?"

"काही नाही."

"बरी दिसत होती?"

"चांगली तीन माणसांना पुरून उरेल अशी दिसत होती."

हे असं दर रविवारी. तिकडे पुडिंग जायचं, इकडे बोंबील यायचे, आणि मधे मी! शेवटी एकदा माझं डोकं फिरलं. मी डबा तिच्या ओट्यावर आपटला आणि म्हटलं, "बेबीताई, मी चित्रकलेची शिक्षिका आहे, टपालखातं नाही. काय आहे हे प्रकरण? सांगा, नाहीतर पुढच्या रविवारी तुमचे तुम्ही जा."

तेव्हा तिनं सांगितलं. एप्रनच्या टोकाशी चाळा करत, माझ्याकडे न बघता.

दोघी बहिणी पूर्वी आईच्या जागेवर शेजारी शेजारी बसून मासळी विकायच्या. प्राची तेव्हा लहान. शाळेत पोरं तिला चिडवायची, की तुझ्या आईच्या हाताला घाण येते. पोरगी एक दिवस आईच्या कुशीतून बाजूला सरकली. बेबीताईनं लिंबानं हात घासले, साबणानं घासले, अगदी राखेनं घासले. वास जाईना. त्या तिरमिरीत ती भर बाजारात बोलून गेली, "मना कंटाळा आला ह्या वासाचा!" आणि पाटी ठेवून उठली. महिनाभरात बेकरीत लागली. हौसाबायला ते शब्द झोंबले. ती म्हणाली, "वास म्हंजे आपली आई. तुना आईचा कंटाळा आला. जा मग." आणि तिथून जे तोंड फिरवलं ते फिरवलंच. तेव्हापासून एक शब्द नाही.

"आनी बाई," बेबीताई म्हणाली, "आमच्यात पोरीला पहिली हलद मावशी लावते. आई नाय, आत्या नाय. मावशीच. आमच्या दोघींना आईच्या बहिनीनं लावलेली. उद्या प्राचीचं लगीन निघालं तर तिला कोन लावंल?"

मला तिचा एवढा कळवळा आला, की त्यानंतर मी डब्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. नेत राहिले, आणत राहिले. आमच्या घरात बोंबलाची चटणी कधी कमी पडली नाही, हा त्यातला माझा फायदा.

आणि प्राचीचं लग्न निघालंच. मुलगा तिच्याच ऑफिसातला. घर पालघरजवळ, वाडीवाल्यांचं. चिकू, केळी, नारळ. मुलाचे वडील, नाना, बोलायला इतके मऊ, की झाडावरचा चिकूसुद्धा विचारून तोडत असतील. साखरपुडा मुलीकडे व्हायचा ठरला, आणि प्राचीनं जाहीर केलं, "आई, ब्रंच ठेवू या."

"म्हंजे काय?"

"नाश्ता आणि जेवण एकत्र. अकराच्या सुमारास."

"म्हंजे धड नाश्ता नाय, धड जेवान नाय? मधल्या मधे लोंबकळलेला?" बेबीताई म्हणाली. पण त्यात गोडाचा एक मोठा पदार्थ लागतो हे कळल्यावर तिचे डोळे चमकले. पन्नासेक माणसांचा उरलासुरला! तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे प्राची स्वतः मुरब्याला जाऊन मावशीला आमंत्रण देऊन आली होती. "येते म्हणाली," प्राचीनं सांगितलं, "पण फक्त माझ्यासाठी. तुझ्याशी बोलणार नाही आणि तुझ्या घरचं खाणार नाही, असं निक्षून म्हणाली."

"येते म्हनाली ना? येऊ दे," बेबीताई म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी लावू लागली.

आठवडाभर बेकरीतल्या चिंबोऱ्या जमत गेल्या. तिचं म्हणणं होतं, साखरपुडा आहे, पाहुण्यांना चिंबोऱ्याच घालायच्या, बनपाव नाही. पण एवढ्या सुकवायच्या कुठं? पुन्हा थंडीतली हवा ओलसर. चादरीवर पसरल्या की एका बाजूनं वाळायच्या आणि दुसऱ्या बाजूनं त्यांना घाम यायचा. शनिवारी सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले आणि जागच्या जागी थबकले. गच्चीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाडजूड दोर ताणलेले, आणि त्यांच्यावर ओळीनं चिंबोऱ्या घोड्यावर बसल्यासारख्या टांगलेल्या! मुरब्याच्या किनाऱ्यावर बोंबील टांगतात, तश्शा. वाऱ्यावर सगळ्या मिळून डुलत होत्या. खाली बेबीताई हातात काठी घेऊन कावळे हाकत होती.

"आमच्याकडं असाच सुकवतात," ती अभिमानानं म्हणाली. "चारी बाजूनं वारा लागतो."

"आणि हा दोर कुठून आणलात?"

"घरचा हाय. आईचा. बोंबलाचा दोर. साबनानं धुतला, लिंबू लावला, दोन दिवस उन्हात ठेवला. वास घ्या, हाय काय?"

मी वास घेतला. आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. थंडीनं मला अशी सर्दी झाली होती, की माझ्या नाकाखाली अख्खी मच्छीची होडी आणून लावली असती तरी मला कळलं नसतं. मी म्हटलं, "छे, काहीच नाही." आणि बेबीताईचं नाक? ते बोंबलाच्या वाळवणाखाली रांगत मोठं झालेलं. बोंबलाचा वास तिला वास वाटायचाच नाही, हवा वाटायची. अशा दोन नाकांनी मिळून तो दोर पास केला.

रविवार उजाडला. गच्चीवर मांडव घातलेला, खुर्च्यांना फिती बांधलेल्या. पालघरची मंडळी आली, प्राचीच्या ऑफिसातल्या मैत्रिणी आल्या, साखरपुडा लागला. आणि हौसाबाय आली. हिरवं नऊवारी, गळ्यात सोन्याची जाडजूड माळ, डोक्यात सुरंगीचा वळेसर. प्राचीच्या गालावरून हात फिरवला, बोटं मोडली आणि जिन्याच्या दाराजवळची खुर्ची गाठली. कुणी पाणी आणलं तर म्हणाली, "घरून पिऊन आले." बेबीताई तिच्या समोरून चार वेळा गेली. हौसाबायनं चारही वेळा मांडवाचं कापड बघितलं.

मग ट्रे आले. भट्टीतून थेट. उरलासुरला गरम होता तोवर जायफळ आणि वेलचीनं कारभार सांभाळला. पण ताटल्या भरून, वाटून, भाषणं होऊन चमचे तोंडात जाईपर्यंत पुडिंग निवालं. आणि जसजसं निवालं, तसतसा बोंबील वर आला.

पहिला घास नानांनी घेतला. चावता चावता त्यांचा जबडा हळू झाला. मग थांबला. मग त्यांनी बळेच गिळलं. बेबीताई समोर हात जोडून उभी.

"कसा झाला?"

"वेगळं आहे," नाना म्हणाले.

त्यांच्या मंडळींनी घास घेतला. "अगबाई! हो, वेगळंच आहे."

त्यांच्या वहिनी म्हणाल्या, "एकदम वेगळं." प्राचीच्या ऑफिसातली एक पोरगी डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "आंटी, कुछ अलग ही है." मांडवभर 'वेगळं' 'वेगळं' असा गजर चालला होता, आणि माणसं शेजाऱ्याच्या ताटलीत बघत होती, की ह्याच्याही तोंडात तेच चाललंय का जे माझ्या चाललंय! बेबीताईला वाटलं, जिंकलो. ती माझ्या कानात कुजबुजली, "बाई, सगळ्यांना वेगळा वाटतो!" मी भरल्या नाकानं दुसरी ताटली घेत म्हटलं, "फर्मासच झालंय!"

प्राची मात्र पांढरीफटक पडली होती. तिनं चमचा खाली ठेवला, एकदा सासूबाईंकडे बघितलं, एकदा आईकडे. काहीतरी भयंकर झालंय हे मला तिच्या तोंडावरून कळलं. काय ते कळेना.

आणि तेव्हा जिन्याच्या दाराजवळची खुर्ची करकरली. हौसाबायच्या मांडीवर कुणीतरी ताटली ठेवून गेलं होतं, तिनं तिला हात लावला नव्हता. आता तिच्या नाकपुड्या हलल्या. तिनं ताटली उचलली, नाकाशी नेली. खाली ठेवली. परत नाकाशी नेली. मग चिंबोरीचा एक तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. ती सावकाश चावत होती आणि सगळा मांडव तिच्याकडे बघत होता. तिनं गिळलं. आणि इतक्या वर्षांनी बहिणीकडे सरळ पाहून ती म्हणाली,

"बेबे, वास येतोय."

बेबीताईच्या हातातला डाव ट्रेमध्ये पडला. "कसला?"

"बोंबलाचा."

 बेबीताईनं ट्रेवर वाकून हुंगलं. "मना नाय येत."

"तुना कसा येईल? तुझ्या नाकातच तो बसलाय. कशावर सुकवलास ह्यांना?"

"दोरावर."

"कुठल्या दोरावर?"

बेबीताईनं मान खाली घातली. माझ्या वर्गातल्या चुकार पोरी उभ्या राहतात तशी ती उभी होती. "आईच्या."

"आईचा दोर तुझ्याकडं हाय?" हौसाबाय ताडकन उठली. "आगो मी घर पालथा घातला! माळा उपसला! पावसात वाहून गेला म्हनून रडत बसले! तुझ्याकडं कसा आला?"

"बोईसरला आले तवा पेटीत घालून आनला."

"सांगाला काय झाला होता?"

"तू बोलत कुठं होतीस?"

"आगो, पन तुना कंटाळा आला होता ना वासाचा? मग सगळ्यांत जास्त वास ज्याला, तोच घेऊन गेलीस?"

"मना माझ्या हातांचा कंटाळा आला होता," बेबीताई म्हणाली. "आईचा नाय गो, हौसाबाय. आईचा कधीच नाय. आठवन आली का पेटी उघडून बसते मी."

मी तिथं भर मांडवात रडले. सर्दी होतीच, त्यामुळे कुणाला कळलं नाही, पण रडले.  हौसाबाय परत खुर्चीत बसली, ताटली मांडीवर ओढली आणि खायला लागली. एक घास, दुसरा घास, सगळी ताटली. शेवटचा चुरा बोटानं टिपून खाल्ला. पदरानं तोंड पुसलं. आणि निकाल दिला.

"साकर जास्त झाली. बोंबील बरोबर हाय."

आधी नाना फुटले. एवढा मऊ माणूस, पण हसला असा, की खुर्चीच मागे कलंडली. मग त्यांची मंडळी, मग ऑफिसातल्या पोरी, मग प्राची, हसता हसता काजळ गालांवर आणत. बेबीताईनं एप्रन नव्हता म्हणून पैठणीचा पदरच तोंडात कोंबला. नाना डोळे पुसत म्हणाले, "विहीणबाई, खरं सांगू? सोबत तांदळाची भाकरी असती, तर मी अजून एक ताटली घेतली असती."

"भाकरी कराला किती वेळ लागतो?" हौसाबाय म्हणाली, आणि बहिणीकडे वळून ओरडली, "पीठ कुठं हाय गो तुझ्याकडं? उभी काय रायलीस?"

दोघी जिना उतरून घरात गेल्या. खालून भांड्यांचा आणि दोघींच्या भांडणाचा आवाज येऊ लागला. पीठ जाड आहे, तवा वाकडा आहे, तू जाडी झालीस, तू आधीपासूनच होतीस. इतक्या वर्षांचं साठलेलं भांडण त्या एका दुपारी उरकत होत्या. भाकरी कुठल्या वेळेवर यायला!

प्राचीच्या हळदीला पहिला हात हौसाबायचा लागला. लावला कसला, चोपडला! पोरीच्या कानात, नाकात, भुवयांत हळद. आणि उरलेली हळद तिनं बेबीताईच्या तोंडाला फासली. "टाकाचा काय नाय," म्हणाली.

पुढे आम्ही मनोरला घर बांधलं आणि बोईसर सोडलं. जाण्याआधी मी मुरब्याला दोघींना भेटायला गेले. बेबीताई तेव्हा सुट्टीचे दिवस तिकडेच काढायची. किनाऱ्यावर बांबूंच्या रांगा, रांगांवर दोर. एका टोकाला बोंबील टांगलेले, दुसऱ्या टोकाला चिंबोऱ्या, आणि मधे मोकळी जागा. ही जागा हौसाबायनं वारा बघून आखून दिलेली, आणि वारा कुठून वाहतो ह्यावर तिथं रोज वाद. त्यांनी मला चहा पाजला, माझ्या पिशवीत न विचारता दोन डबे कोंबले. एकात पुडिंग, एकात बोंबील. कुठला कशाचा, ते उघडूनच बघायचं.

मी रिक्षात बसले. रिक्षा वळली आणि मागून हौसाबायचा खणखणीत आवाज आला, "बेबे! वारा फिरला गो! तुझ्या चिंबोऱ्या काढ, वास लागंल त्यांना!"

मी मान वळवून पाहिलं. बेबीताई वाळूत फतकल मारून बसली होती. अंबाड्यावर अबोली, मांडीवर मोडायला घेतलेल्या चिंबोऱ्या. ती उठली नाही. तिनं नुसता एक हात वर केला, समुद्राकडे तोंड केलं आणि हसत हसत ओरडली,

"येऊ दे गो, लागू दे!"